मिशिगन स्टेट आइस हॉकी २०२५-२६: मार्टोन आला, पण सेंटरला कोण?

ग्रँडरिव्हरकर
नवरात्र सुरू आहे, झाडं पिवळी पडायला लागलीत आणि फुटबॉलवाले अजून आपल्याच तोऱ्यात आहेत. म्हणजे हॉकीवर बोलायला हीच वेळ. डिसेंबरात सगळेच तज्ज्ञ होतात.

नव्यांसाठी थोडक्यात मागचं. २०१२ नंतर बारा वर्षं मिशिगन स्टेटनं एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड पाहिलं नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात अ‍ॅडम नाइटिंगेल कोच झाले आणि दुसऱ्याच सीझनला बिग टेनची, म्हणजे आपल्या कॉलेज गटाची, लीगही जिंकली आणि गटाची स्पर्धाही जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा दोन्ही, फक्त लीगचं जेतेपद मिनेसोटाबरोबर वाटून घ्यावं लागलं. २६ विजय, ७ पराभव, ४ बरोबरी. आणि मग मार्चमध्ये टोलीडोला पहिल्याच फेरीत कॉर्नेल. ३-३ असताना शेवटची दहाएक सेकंदं उरली असताना गोल खाल्ला. त्यावर रडून झालंय, पुन्हा नको.

यंदा जो तो पोर्टर मार्टोनचं नाव घेतोय. घ्यायलाच हवं. एनएचएल या मोठ्या प्रो लीगमधल्या फिलाडेल्फियानं जूनच्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर उचललेला पोरगा, मागच्या सीझनला ओएचएल या कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये ५७ सामन्यांत ९८ पॉइंट. पण मार्टोन विंगर आहे, कडेनं खेळणारा. माझा जीव सेंटरसाठी खालीवर होतोय. कार्सन डॉरवर्ट सही करून प्रो झाला, रेड सॅव्हेजची कॉलेजची वर्षं संपली. दोघंही सेंटर. आयझॅक हॉवर्डचे २६ गोल आणि २६ असिस्ट गेले याचा गवगवा खूप झाला, होबी बेकर, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेला खेळाडू गेला की होणारच. या दोघांच्या जाण्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. गोल करणारा दुसरा मिळतो हो. स्वतःच्या गोलसमोर उभं राहून मार खाणारा सेंटर बाजारात मिळत नाही.

उरले कोण? चार्ली स्ट्रॅमेल सिनियर आहे, तो पहिल्या लाईनचा (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांच्या जोडणीचा) सेंटर, यावर वाद नसावा. त्यानंतर? बोला.

नोव्हीची_सायली
आलेच. लिंडस्ट्रॉम विसरलात का? २०२४ ला कोलंबसनं चौथ्या क्रमांकावर घेतला होता. सेंटर आहे, उंच आहे, अंगानं भक्कम आहे.

ग्रँडरिव्हरकर
विसरलो नाही. पण त्याची पाठ? डिस्कच्या दुखण्यामुळे मागचा जवळजवळ अख्खा सीझन गेला त्याचा. एवढ्या खंडानंतर आलेल्या मुलाकडून ऑक्टोबरात दुसऱ्या लाईनच्या सेंटरचं काम होईल अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावरच अन्याय. जानेवारीत बघू म्हणा.

बर्फाळ_बंड्या
स्ट्रॅमेल, शाउडी, लिंडस्ट्रॉम, निल्सन. झाले की चार. उगाच काळजी करताय. मार्टोन इतके गोल मारेल की सेंटरला कोण होतं ते कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

अ‍ॅनआर्बरचा_आगाऊ
शत्रूच्या गोटातून, म्हणजे मिशिगन विद्यापीठाकडून, नमस्कार. 🙂 धागा वाचून बरं वाटलं. तुमच्याकडे ड्राफ्ट झालेल्यांची रांग लागलीय आणि तरी रडगाणं चालूच. आम्ही गेल्या वर्षी एनसीएएला गेलोच नाही, आमच्याकडे बघा जरा.

नोव्हीची_सायली
या या, आगाऊराव. तुमच्याशिवाय मजा नाही.

@बंड्या, सेंटर कोण ते लक्षात राहत नाही हे टीव्हीवर बघणाऱ्याचं म्हणणं आहे. माझा मुलगा इथे लहान गटात सेंटर खेळतो, म्हणून मला फक्त तेवढंच दिसतं. टीव्हीचा कॅमेरा पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, मागे धावतो. अरेनात बसलात तर एकदा पक सोडून फक्त सेंटरकडे बघा. पक आपल्या भागात आला की दोन्ही विंगर वर, ब्लू लाईनजवळच्या (आपला भाग जिथे सुरू होतो ती निळी रेष) त्यांच्या बचावपटूंना अडवायला थांबतात. सेंटर मात्र पार खाली, गोलच्या मागेपर्यंत जातो. तिथे आपल्या बचावपटूला मदत करायची, पक सुटला की वळसा घेऊन वेग पकडायचा, पास घ्यायचा आणि तोच पक समोरच्या टोकाला न्यायचा. एका शिफ्टमध्ये, म्हणजे पाऊण मिनिटात, विंगरपेक्षा जास्त अंतर कापतो. वर फेसऑफ, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं. फेसऑफ हरला की पहिलं अर्धं मिनिट नुसतं पकच्या मागे पळण्यात जातं. ही कामं अठरा वर्षांच्या मुलाला चोवीस वर्षांच्या बाप्यासमोर करायची असतात.

खडकीचा_फुलबॅक
मी आपला गवतावरच्या हॉकीतला माणूस, नंतर टर्फवर आलो. लेक लान्सिंगला असते म्हणून दोन हिवाळे तिकडे काढले आणि हा नाद लागला. सायलीताईंचं पटलं. आमच्याकडे सेंटर हाफ हेच करायचा. एक फरक मात्र मोठा आहे. आमच्या हॉकीतून ऑफसाइड नव्वदच्या दशकातच हद्दपार झाला. इथे ब्लू लाईन आहे, पकच्या आधी ती ओलांडली की ऑफसाइड, त्यामुळे पक घेऊन रेष ओलांडणारा माणूस कोण हे फार महत्त्वाचं. तो चुकला की मागे आलेले चारही जण अडकतात.

एक विचारू का? या मार्टोनला फिलाडेल्फियानं घेतलंय, लिंडस्ट्रॉमला कोलंबसनं. मग ही मुलं कॉलेजात कशी? सही केली ना त्यांनी?

ग्रँडरिव्हरकर
काका, नाही केली. एनएचएलचा ड्राफ्ट म्हणजे फक्त हक्क. अठराव्या वर्षी क्लबनं नाव पुकारलं की दुसऱ्या कुठल्या क्लबला त्याच्याशी करार करता येत नाही. मुलगा सही करेपर्यंत कॉलेजात खेळू शकतो. आपल्या गोलीचंच बघा ना. ट्रे ऑगस्टिनला डेट्रॉईटनं २०२३ मध्ये घेतलं, तरी तो यंदा तिसऱ्या वर्षाला इथेच आहे. देव पावला म्हणायचं. हॉवर्डचंही तेच. घेतला टॅम्पानं, जुलैत त्याचे हक्क एडमंटनकडे गेले, त्यांनी सही करून घेतली आणि पाखरू उडालं.

यंदाचा खरा बदल वेगळा आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीग, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूबेकची, यांच्यात एक सामना खेळलात तरी एनसीएए तुम्हाला प्रो समजायची. कॉलेजचा दरवाजा कायमचा बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम काढला, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू. म्हणून मार्टोन ब्रॅम्प्टनहून येऊ शकला, लिंडस्ट्रॉम मेडिसिन हॅटहून. गॅव्हिन मॅकेना पण.

बर्फाळ_बंड्या
मॅकेनाचं नाव काढू नका हो. आपल्या अंगणात येऊन पेन स्टेटला गेला.

अ‍ॅनआर्बरचा_आगाऊ
त्यावर आम्ही पेढे वाटले होते. बाकी पेन स्टेटला आता कोणी हलक्यात घेऊ नये. एप्रिलमध्ये पहिल्यांदाच फ्रोझन फोरला, म्हणजे एनसीएएच्या शेवटच्या चारांत, गेले होते आणि आता त्यात हा भिडू.

विनायक_ओकेमॉस
मी थोडा उलटा सूर लावतो. नाराजी नको.

कॅनडाच्या मुलांचं कौतुक आहेच, पण सुरुवातीचे पाच-सहा आठवडे त्यांना जड जाणार असं माझं मत. ओएचएलचा सीझन ६८ सामन्यांचा. आठवड्याला तीन-तीन सामने, बसचा प्रवास, समोर निम्मी मुलं सतरा वर्षांची. तिथे चांगला खेळाडू एखादा सामना सोडून देऊ शकतो, दोन दिवसांनी पुढचा आहेच. कॉलेजात शुक्रवार-शनिवार, बास. बाकीचे पाच दिवस जिम आणि व्हिडिओ. समोर बावीस-तेवीस वर्षांचे गडी, ज्यांनी तुमचा प्रत्येक शॉट आठवडाभर पाहून ठेवलाय. जागा मिळत नाही, वेळ मिळत नाही. मार्टोन अंगापिंडानं मोठा आहे, तो सावरेल. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

म्हणून माझा भरवसा जुन्यांवर आहे. बास्गॉल, शाउडी, रसेल, तिघंही चौथ्या वर्षाला. म्हणजे नाइटिंगेल यांच्या पहिल्या सीझनपासूनची मुलं. त्यांच्या पाठीशी बचावात श्टर्बाक आणि गोलमध्ये ऑगस्टिन. मागची बाजू एवढी पक्की असेल तर पुढच्या बाजूला रुळायला महिनाभर देता येतो. १-० नं, २-१ नं सामने काढायचे. दिसायला रटाळ दिसेल, पण चालेल.

बर्फाळ_बंड्या
२-१ नं सामने काढायला मार्टोन आणलाय का? मग मॅकेना कशाला हवा होता?

विनायक_ओकेमॉस
बंड्या, ऑक्टोबरबद्दल बोलतोय मी, मार्चबद्दल नाही.

ग्रँडरिव्हरकर
विनायक, ऑक्टोबर तर जास्त महत्त्वाचा! इथेच घोळ होतो लोकांचा.

एनसीएए स्पर्धेसाठी संघ निवडायचं पेअरवाइज हे गणित यंदापासून गेलं, त्याजागी एनपीआय नावाचं आलंय. तपशील बदलले, पण मूळ तेच: तुम्ही कुणाला हरवलंत, कुठे हरवलंत, आणि ते बाकीच्यांविरुद्ध कसे खेळले. बाहेर जाऊन जिंकण्याला घरच्या विजयापेक्षा जास्त वजन. आता बघा. बिग टेनमध्ये सात संघ, प्रत्येकाशी चार-चार, म्हणजे २४ सामने लीगमध्येच गेले. लीगमध्ये एक जिंकला की दुसरा हरतो, बेरीज तिथल्या तिथेच. लीग बाकीच्यांपेक्षा भारी आहे की नाही हे ठरतं ते उरलेल्या दहाएक सामन्यांत, आणि ते बहुतेक ऑक्टोबरात. त्या वेळी सातही संघांनी जे कमावलं त्यावर अख्खा हिवाळा खायचा. फेब्रुवारीत कितीही चांगले खेळलात तरी ती पुंजी वाढत नाही.

थोडक्यात, ऑक्टोबरात आपण मिशिगनचाही जयजयकार करायचा. 😬

अ‍ॅनआर्बरचा_आगाऊ
हे वाक्य फ्रेम करून लावतो.

नोव्हीची_सायली
माझ्याकडून होणार नाही ते. गणित गेलं खड्ड्यात.

डेक्कनवरून_स्पार्टन
पुण्याहून हजेरी. शुक्रवारचा संध्याकाळी सातचा सामना आमच्याकडे शनिवारी पहाटे साडेचारला. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की साडेपाच. म्हणजे ऑक्टोबरात सगळ्यात जास्त हाल आमचे. बायको म्हणते, अभ्यंगस्नानाला कधी एवढ्या लवकर उठला नाहीस.

२००७ साली मी तिथेच शिकत होतो, त्यामुळे एक आठवण करून द्यावीशी वाटते. त्या वर्षीच्या संघाला ऑक्टोबरात कोणी विजेते म्हणत नव्हतं. मोठी नावं दुसरीकडे होती. आपल्याकडे गोलमध्ये जेफ लर्ग, अंगानं लहानखुरा. सेंट लुईसला एनसीएएच्या फायनलमध्ये बॉस्टन कॉलेजविरुद्ध १-१ असताना १८.९ सेकंद उरले होते आणि अब्देलकेडरनं गोल केला. नंतर रिकाम्या गोलमध्ये एक, ३-१. १९६६ आणि १९८६ नंतरचं तिसरं विजेतेपद. ते शेवटचंच.

तर नावांवर जाऊ नका. उलट यंदा नावं आहेत म्हणूनच मला धाकधूक आहे.

विनायक_ओकेमॉस
+१. तेव्हा कोच रिक कॉम्ली होते. लोक नेहमी रॉन मेसन म्हणतात.

डेक्कनवरून_स्पार्टन
बरोबर. मेसन २००२ ला कोचिंगमधून बाहेर पडले होते. एकंदर ९२४ विजय, तेव्हा कॉलेज हॉकीतला विक्रम होता. पुढे बॉस्टन कॉलेजचे जेरी यॉर्क त्यांच्या पुढे गेले.

खडकीचा_फुलबॅक
आणि ते मैदानातलं? फुटबॉलच्या स्टेडियमात बर्फ घातला होता म्हणे.

डेक्कनवरून_स्पार्टन
काका, ते ६ ऑक्टोबर २००१. स्पार्टन स्टेडियममध्ये मिशिगनविरुद्ध, ७४,५४४ लोक. ३-३ बरोबरी. आज एनएचएल दर वर्षी उघड्यावरचा सामना घेते, त्याच्या आधीचं आहे हे. सीझनची सुरुवात म्हणावी तर अशी.

बर्फाळ_बंड्या
मूळ मुद्द्यावर येऊ या का? माझ्या लाईन्स देतो, फोडा.
पहिली: रसेल, स्ट्रॅमेल, मार्टोन.
दुसरी: व्हॅन्सागी, लिंडस्ट्रॉम, रायकर ली.
तिसऱ्या लाईनला सेंटर शाउडी, चौथीला निल्सन.

नोव्हीची_सायली
दुसरी लाईन मला पटत नाही. लिंडस्ट्रॉम खंडानंतर येतोय, ली पहिल्या वर्षाला. दोघं नवे एकत्र, आणि त्यांना सांभाळायला व्हॅन्सागी, जो स्वतः दुसऱ्या वर्षाला. पक आपल्या भागात अडकला तर बाहेर कोण काढणार? शाउडीला दुसरीच्या सेंटरला आणा. फार गोल नाही मारणार, पण रात्री झोप लागेल. लिंडस्ट्रॉमला सुरुवातीला विंगला खेळवा. विंगला खाली वाकून धक्के खायचं काम कमी, पाठीलाही बरं.

विनायक_ओकेमॉस
सायलीताईंची सूचना मार्मिक आहे. पॉवर प्लेला (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना) मात्र लिंडस्ट्रॉमला गोलसमोर उभा करायचा. एवढ्या उंचीचा माणूस गोलीसमोर आला की गोलीला पक दिसत नाही. तिथे फार पळावंही लागत नाही.

पॉवर प्लेवरून सुचलं. हॉवर्डची जागा मार्टोन घेईल असं सगळे गृहीत धरतात, पण दोघांची जात वेगळी. हॉवर्ड लपायचा. बचावपटूंच्या नजरेआड कुठेतरी सरकायचा आणि पास आला की थांबायचं नाही, लगेच शॉट. मार्टोन पक स्वतःकडे ठेवतो, अंग मध्ये घालतो, वाट बघतो, मग पास देतो. म्हणजे बाकीच्या चौघांनी हलत राहायला हवं. मागच्या वर्षीच्याच पॉवर प्लेमध्ये त्याला बसवला तर चौघं उभे राहून बघत बसतील. कोचला तो नव्यानं मांडावा लागणार.

ग्रँडरिव्हरकर
हे माझ्या डोक्यात नव्हतं आलं. आणि ते लवकर व्हायला हवं, कारण डिसेंबरच्या शेवटी मार्टोन नसेल असं धरून चाला. वर्ल्ड ज्युनियर्स, म्हणजे विशीखालच्या देशांच्या संघांची स्पर्धा, यंदा मिनेसोटात आहे आणि कॅनडा त्याला सोडणार नाही. नेमकी त्याच वेळी आपली ग्रेट लेक्स इन्व्हिटेशनल ही कॉलेज स्पर्धा. अमेरिकेकडूनही आपली एक-दोन मुलं जातील.

बर्फाळ_बंड्या
आणि ऑगस्टिन?

ग्रँडरिव्हरकर
वय उलटलं त्याचं. दोन सुवर्णपदकं घेऊन मोकळा झालाय. यंदा डिसेंबरात तो घरीच. ही सीझनमधली सगळ्यात चांगली बातमी, कुठेही छापून आलेली नाही.

अ‍ॅनआर्बरचा_आगाऊ
पण दुसरा गोली? मागच्या वर्षी तो वर्ल्ड ज्युनियर्सला गेला तेव्हा डी पास्क्वोनं सांभाळलं होतं. तो आता मिनेसोटाला. म्हणजे ऑगस्टिनला खोकला झाला तरी तुमचं अवघड.

नोव्हीची_सायली
आगाऊराव, खोकल्याच्या शुभेच्छा देऊ नका. पण प्रश्न योग्य आहे. माझं म्हणणं, नव्या गोलीला ऑक्टोबरातच एखादा शनिवार द्यावा. ऑगस्टिनला सगळे सामने खेळवले तर मार्चपर्यंत त्याचा चोथा होईल.

ग्रँडरिव्हरकर
आत्ताच वर एनपीआयचं पुराण सांगितलं ना मी. ऑक्टोबरात एकही शनिवार उधळायला नाही.

नोव्हीची_सायली
मग कधी? लीगमध्ये पेन स्टेटसमोर उभा करणार त्याला? तुमच्या हिशोबानं तो बिचारा एकदम एप्रिलमध्ये लास व्हेगासला, फ्रोझन फोरलाच, पॅड बांधेल.

विनायक_ओकेमॉस
दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच यावर कोच पगार घेतात. मी सायलीताईंच्या बाजूला झुकतो. शुक्रवारी दोन-तीन गोलांनी जिंकलो तर शनिवारी नवा. शुक्रवारी हरलो तर प्रश्नच मिटला.

खडकीचा_फुलबॅक
मंडळी, एक व्यावहारिक शंका. लेकीनं दिवाळीत बोलावलंय. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम नेमका शनिवारी संध्याकाळी ठेवलाय, आणि त्याच वेळी सामना. जावई म्हणतो कार्यक्रमाला चला, नात म्हणते अरेनाला.

बर्फाळ_बंड्या
काका, फराळ दुपारी उरकून घ्या.

नोव्हीची_सायली
काका, नातीचं ऐका. आणि स्वेटरवर जाकीट घाला, पायात जाड मोजे. बाहेर ऑक्टोबर असला तरी आत बर्फाजवळ पाय गार पडतात. जागा बघताना काचेला लागून नको. नात मागे लागेल, पण तिथून पलीकडचा कोपरा दिसत नाही. थोडं वर, ब्लू लाईनच्या रेषेत घ्या.

ग्रँडरिव्हरकर
आणि दुसऱ्या लाईनला सेंटर कोण उतरला तेवढं इथे लिहा. मला त्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायचंय, सुटका नाही.

अ‍ॅनआर्बरचा_आगाऊ
😂 सूत्रसंचालकाच्या खिशात फोन असेल, लिहून ठेवा.